आकाशातला पहारेकरी, पुण्यातलं गणित

महाबळेश्वरला पाऊस धो धो कोसळत असतो आणि तेव्हाच खाली वाईत नुसती भुरभुर. सह्याद्रीच्या कुशीतलं हे रोजचं चित्र हवामानाच्या गणिताला मात्र घाम फोडतं.

गणिताला हवी अचूक माहिती. ती पुरवणारा ‘इन्सॅट-३डीएस’ हा उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. वजन २,२७४ किलो. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून तो भारतावर अखंड नजर ठेवतो. त्याचा प्रतिमापक ढगांची छायाचित्रं टिपतो. दुसरं उपकरण ध्वनित्र, म्हणजे साउंडर. नावात ध्वनी असला तरी ते आवाज ऐकत नाही. हवेतून वर येणारी अवरक्त किरणं १८ वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतं. त्यावरून कोणत्या उंचीवर किती तापमान, किती बाष्प, हे उलगडतं.

ही माहिती उपग्रहाकडून येते. तिचं अंदाजात रूपांतर संगणक करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झाली. गणिताला संस्थेतल्याच ‘अर्क’ या महासंगणकाचं बळ.

आधीची प्रणाली १२ किलोमीटरच्या चौकटींत हवामान मांडायची. आता चौकट ६ किलोमीटरची. म्हणजे जिथे एकच आकडा मिळायचा, तिथे चार मिळतात.

महाबळेश्वर आणि वाई आता एकमेकांपासून आधीपेक्षा जास्त चौकटी दूर आहेत.