प्राथमिक वर्गाच्या सहली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत थोर विषयांची रेलचेल असताना माझ्या वाट्याला 'प्राथमिक वर्गाच्या सहली' हा बालबोध विषय आला, ह्याबद्दल कार्यवाहांनी माझ्याजवळ काहीशी दिलगिरी व्यक्त केली. तिची आवश्यकता नव्हती. ह्या शहरातील एका शाळेत तिसरी ते पाचवीचे वर्ग शिकवण्यात माझी पंचवीसएक वर्षे गेली, आणि मुलांना घेऊन मी जितक्या वेळा बसमध्ये चढले तितक्या वेळा माहेरी जाण्यासाठी आगगाडीतही चढले नसेन. जे सांगणार आहे ते ग्रंथांतले फारसे नाही. चुकांतून गोळा झालेले आहे. म्हणून पहिली चूक प्रथम सांगते.

एग्मोरचे सरकारी वस्तुसंग्रहालय 1851 साली स्थापन झाले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी चौथीची बेचाळीस मुले घेऊन मी तेथे गेले आणि एका सकाळीत सारे दाखवून टाकण्याचा विडा उचलला. नटराजाच्या ब्राँझमूर्ती झाल्या, देवमाशाचा सांगाडा झाला, नाणी झाली, शस्त्रे झाली. मी पुढे, मुले मागे, आणि सर्वांच्या हातांत वह्या. दुसऱ्या दिवशी निबंध लिहून घेतला. बेचाळीसपैकी बहुतेकांनी बसचा भोंगा, लिंबूभात आणि वाटेत झालेले भांडण ह्यांविषयी मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले होते. संग्रहालयाविषयी जे होते ते पाट्यांवरून उतरवलेले. मला तेव्हा मुलांचा राग आला होता. वस्तुतः त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले होते. दाखवण्याच्या घाईत पाहायला वेळच मी दिला नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही एकाच दालनात गेलो, अमरावतीच्या शिल्पांच्या. वह्या बसमध्येच ठेवल्या. 'ओझे वाहणारा कोण कोण दिसतो ते शोधा,' एवढेच काम दिले. मुले त्या दगडांपुढे तासभर खिळून बसली. हत्ती सापडले, घोडे सापडले, घट घेतलेल्या स्त्रिया सापडल्या. आणि एकाने खांबाला हात न लावता, नुसते बोट दाखवून, 'मिस्, हा खांबसुद्धा ओझेच वाहतो आहे ना?' असे विचारले, तेव्हा मी निरुत्तर झाले. तो अमरावतीचा स्तूप सातवाहनांच्या काळात भरभराटीला आला, आणि सातवाहनांची राजधानी गोदावरीकाठचे आपले पैठण. ही गोष्ट मी वर्गातल्या एकुलत्या एका मराठी मुलाला हळूच सांगितली. त्याने ती पाच मिनिटांत सबंध वर्गाला सांगून टाकली, थोडी वाढवून.

येथे एका बाईंचे स्मरण करणे अगत्याचे वाटते. मारिया माँटेसोरी 1939 साली अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून शिक्षकांचा वर्ग घेण्यासाठी आल्या. महायुद्ध भडकले, इटली शत्रुपक्षात गेली, आणि थोड्या दिवसांसाठी आलेल्या ह्या वृद्ध बाईंना 1946 पर्यंत ह्या देशात राहावे लागले. त्यांचा मुलगा मारिओ ह्याला इंग्रज सरकारने काही काळ नजरकैदेत ठेवले, ते आपल्या अहमदनगरला! बाई अड्यारला, मुलगा नगरला. दूरदेशी राहणे म्हणजे काय हे ह्या सभेला वेगळे समजावून सांगायला नको. पुढे कोडाईकनालच्या मुक्कामात डबकी, झाडे, किडे ह्यांच्या सान्निध्यात मोठ्या मुलांचे शिक्षण कसे करावे ह्याचे त्यांनी पुष्कळ काम केले. इकडे आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हाच विचार आदिवासी मुलांपर्यंत नेला. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. आम्ही ज्याला सहल म्हणतो ती त्या मुलांची रोजची शाळा होती.

आता दुसरी फजिती. चेन्नईपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर वेदांतंगल नावाचे गाव आहे. तेथील तळ्यातल्या झाडांवर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी वीण घालतात. पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते, ते पाणी शेताला उत्तम खत ठरते. म्हणून गावकऱ्यांनी हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस शिकाऱ्यांविरुद्ध चिंगलपेटच्या कलेक्टरकडून हुकूमही मिळवला. हे सारे मी वर्गात रंगवून सांगितले होते. परंतु 2016 च्या ईशान्य मोसमी पावसाने दगा दिला होता, आणि 2017 च्या जानेवारीत आम्ही पोहोचलो तो तळे जवळजवळ कोरडे. पक्षी नाहीत. दोन मुली रडू लागल्या. मी मनात बसभाड्याचा हिशेब करीत उभी होते. तेवढ्यात बांधावरून चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मुलांना विचारले, 'पाणी नाही, मग मासे कोठून? मासे नाहीत, मग पक्ष्यांनी पिलांना काय घालायचे?' त्याने त्यांना भेगाळलेल्या तळ्यातून चालवत नेले, आदल्या वर्षीची घरटी दाखवली आणि स्वतःचे न पेरलेले शेतही दाखवले. परतताना बसमध्ये नेहमीचा गोंगाट नव्हता. उन्हाळ्यात शहरात पाण्याच्या टँकरपुढे रांगा लागल्या तेव्हा त्याच वर्गातली मुले नळ बंद करीत शाळाभर हिंडत होती. हजार पक्षी पाहून हे झाले असते की नाही, मला शंका आहे.

त्यानंतरच्या एका चांगल्या पावसाच्या वर्षी मात्र पक्षी भरपूर होते. माझ्या हाती दुर्बीण होती आणि तोंडाला मराठी नाव आले : पाणकावळा. तमिळ मुलांनी विचारले, म्हणजे काय? मी अर्थ सांगताच ती हसू लागली, कारण तमिळमध्येही त्याला 'नीर्‌कागम्' म्हणतात. नीर म्हणजे पाणी, कागम् म्हणजे कावळा. दोन दूरच्या भाषांतल्या माणसांनी त्या काळ्या पक्ष्याकडे पाहून एकच विचार केला होता. घरी गेल्यावर आईबापांना ही जोडी सांगा, असा मी त्या दिवशी अभ्यास दिला. पालकहो, सहलीहून आलेल्या मुलाला 'काय शिकलास?' असे कृपया विचारू नका. तो लगेच परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. कशाचा वास आला, कोण घाबरले, डब्यातले कोणी चोरले, हे विचारा, आणि मराठीत विचारा. शाळेत दिवसभर इंग्रजी व तमिळ बोललेल्या मुलाला मराठीत सांगण्याजोगे काही नवे असेल तरच तो मराठी बोलेल. 'पाणी दे' आणि 'झोप आता' ह्यांवर भाषा जगत नाही.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येथे सहल काढू नये, पाऊस सारे धुऊन नेतो; मार्चनंतरही दुपारची काढू नये. दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवेच. मुलांची मोजणी शिक्षकाने करावीच, पण प्रत्येक मुलाला एक जोडीदारही नेमून द्यावा. महाबलीपुरमला माझ्या मोजणीत न आलेला मुलगा त्याच्या जोडीदाराच्या ओरडण्याने सापडला, किनाऱ्याच्या देवळामागे शंख वेचीत बसलेला. आणि पाणी! 'मिस्, तण्णी इल्लै' हे वाक्य मी जितके ऐकले तितके पाढेही ऐकले नसतील. लांब जायला पैसे नसतील तर बेझंटनगरचा किनारा आहे. तेथे 1988 पासून विद्यार्थ्यांची एक संस्था रात्री किनारा पालथा घालून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सुरक्षित जागी नेते, आणि फेब्रुवारी-मार्चनंतर संध्याकाळी पिले समुद्रात सोडताना मुलांना पाहता येते. रत्नागिरीकडच्या मंडळींना वेळासची आठवण होईल; कासवे तीच, समुद्र दुसरा.

आता तंजावर. वर्ग पाचवीचा होता, रात्रीची गाडी होती, आणि सोबत काही आयाही होत्या. त्या वर्गात नाशिकहून बदली होऊन आलेल्या गृहस्थांचा मुलगा होता. घरी बोलतात ती भाषा हिंदीच, असे वर्गाने परस्पर ठरवून टाकले होते आणि वाद घालण्याचा कंटाळा येऊन त्यानेही ते मान्य केले होते. आई शाळेत न्यायला आली की तो तिच्याशी इंग्रजीत बोले. हे मी पाहत होते, पण त्यावर वर्गात भाषण देऊन उपयोग नव्हता.

बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केले. त्याच्या जोत्यावर व भिंतींवर शिलालेखच शिलालेख आहेत. त्यांत दानांचा चोख हिशेब आहे : एका नंदादीपाला रोज लागणाऱ्या तुपासाठी 96 मेंढ्या, किंवा 48 गाई, किंवा 16 म्हशी. मी विचारले, मग एका म्हशीबरोबर किती मेंढ्या? मुले तेथेच फरशीवर बसून गणित करू लागली. नंतर एका मुलीने जोत्याजवळ जाऊन अक्षरे वाचण्याचा प्रयत्न केला, आणि हिरमुसून परत आली. 'मिस्, हे तमिळ आहे ना? मग मला का येत नाही?' हजार वर्षांपूर्वीची तमिळ अक्षरे आजच्यासारखी नव्हती, हे तिला समजावता समजावता आम्ही आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीशी आलो.

त्या भिंतीवर 1803 साली दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरवलेला भोसले कुळाचा इतिहास आहे. मराठीत, देवनागरी अक्षरांत. मी काही बोलले नाही. नाशिकचा मुलगा पुढे गेला, मान तिरकी करून पाहू लागला, आणि एकदम मोठ्याने त्याने वाचले, 'शहाजी'. मग 'राजे'. सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. 'तुला हे वाचता येते? येथे कोणी लिहिले?' तो अडखळत वाचीत राहिला. जुनी दरबारी भाषा. पुष्कळ शब्द मलाही कळत नव्हते. मघाची हिरमुसलेली मुलगी म्हणाली, 'ह्याला ह्याची भिंत वाचता येते, आम्हांला आमची नाही.' मी तिला सांगितले की त्याची भिंत जेमतेम दोनशे वर्षांची आहे, तुझी हजार वर्षांची. त्याच्या भाषेतला तितका जुना लेख पुढे धरला तर तोही असाच थबकेल. तिचे समाधान झालेले दिसले नाही. माझेही पुरते झाले नव्हते.

पण खरी गोष्ट पुढेच घडली. मागे उभी असलेली एक मुलगी, जिला आम्ही सर्वजण तमिळ समजत होतो, जिची वहीवरची सही तमिळमध्ये असे, ती हळूच म्हणाली, 'तो वाचतो आहे तसे आमची आजी बोलते.' तिचे घराणे मूळचे तंजावरचे. तीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजींच्या मागून आलेल्या लोकांपैकी. घरात अजून मराठी, पण लिहिणे-वाचणे सारे तमिळ. देवनागरीचे एक अक्षर तिला येत नव्हते. तो वाची आणि कधीकधी अर्थ ती सांगे. दोन वर्षे एकाच वर्गात बसून ह्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि त्यांच्या शिक्षिकेलाही नव्हता, हे मी ह्या सभेत कबूल करते.

सरस्वती महालात गेल्यावर मी मुलांना सरफोजींविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्यांनी आपल्या छापखान्यात 1806 साली 'बालबोध मुक्तावली' हे पुस्तक छापवले, म्हणजे इसापच्या गोष्टी मराठीत. पुण्यात तेव्हा पेशवाई होती. दुसरी गोष्ट, त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नाटक रचले. कुरवंजी हा तमिळ खेळ. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते आणि गाऊन आपला मुलूख वर्णन करते. सरफोजींनी त्या बाईच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, सारे गाण्यात! भूगोलाच्या तासाला जांभया पाहिलेल्या मला ह्या राजाचा हेवा वाटला.

परतल्यावर वर्गाने आपलीच कुरवंजी बसवली. चेन्नईचा भूगोल तीन नद्यांचा : कोसस्थलैयार, कूवम, अड्यार. भविष्य सांगणारी बाई झाली ती तंजावरची मुलगी. हातात वेताची काठी, काखेत टोपली. तिची गाणी तमिळमध्ये होती, पण एक कडवे तिने आजीकडून मराठीत करून आणले होते. ते देवनागरीत लिहून द्यायला नाशिकचा मुलगा रोज मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसे. ती सांगे, तो लिही, आणि शब्दांवरून दोघांची जोरदार भांडणे होत. घरी ज्याला मराठी म्हणतात ते हेच का, असा प्रश्न दोघांनाही पडलेला असे. मी मध्ये पडले नाही.

प्रयोगाला मुलीची आजी आली होती. त्या मुलाच्या आईला तिने हाताला धरून शेजारी बसवले आणि बऱ्याच दिवसांचे साठलेले बोलावे तशी ती बोलत राहिली. त्या आईला निम्मे कळत होते, निम्मे नाही. जाताना आजी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या सहलीला मीही येते. साठ मुलांचा दहीभात माझ्याकडे लागला. आम्ही वेदांतंगलला गेलो तेव्हा त्या खरोखरच आल्या, पातेल्यासकट.