पथ्य पोराचं की घराचं?

(वर्ध्यातील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

दहावीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. पंधरा वर्षांचा. हातपाय काडीसारखे, पोट मात्र शर्टाच्या बटणांना जाणवेल इतकं पुढे. तो वर्ध्याचा म्हणा, हिंगणघाटचा म्हणा, आर्वीचा म्हणा. त्याला नाव नाही, कारण तो एका घरातला नाही. अशा कितीतरी घरांतून थोडा थोडा गोळा केलेला आहे. वर्षभरापूर्वी त्याच्या मानेमागे एक काळपट, हाताला जराशी मखमली लागणारी पट्टी आली. आईनं आधी साबण लावून पाहिला, मग बेसन-लिंबू, मग शेजारणीनं सुचवलेलं क्रीम. घासून घासून कातडी लाल झाली, काळेपणा होता तिथंच राहिला. शेवटी तापासाठी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांचं लक्ष तापापेक्षा मानेकडे गेलं. रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १०८, एचबीएवनसी ५.९.

रिपोर्ट घरी आला आणि घरातली तीन माणसं तीन वाक्यं बोलली. आजी म्हणाली, "पोराला शुगर निघाली." बाप म्हणाला, "हा तर इतका बारीक, याला कशी होईल?" आणि आत्यानं फोनवरून बजावलं, "बाहेर कोणाला सांगू नका." तिन्ही वाक्यं मायेपोटीच आली होती, पण त्यातलं एकही बरोबर नव्हतं.

आधी आजीचं वाक्य घेऊ. मुलाला मधुमेह झालेला नाही. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असली की ठीक, १२६ किंवा वर गेली की मधुमेह. मधला १०० ते १२५ हा पट्टा म्हणजे पूर्वमधुमेह, डॉक्टरांच्या भाषेत प्रीडायबेटिस. एचबीएवनसी ही मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी. तिथं ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा. या पट्ट्यातला माणूस दोन्ही दिशांनी जाऊ शकतो, आणि मुलगा वयात येत असेल तर मागे फिरण्याची शक्यता चांगली असते. वयात येताना वाढीच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा जोर तात्पुरता कमी पडतो. बहुतेक मुलांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून ही तूट भरून काढतं, काहींचं दमतं. मानेवरची काळी पट्टी ही त्या जास्तीच्या इन्सुलिनची खूण. तो मळ नव्हताच, मग साबणानं जाणार कसा?

आता बापाचं वाक्य. बारीक माणसाला शुगर होत नाही ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. तिला मोठा धक्का दिला तो महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरनं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या लेकरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण खरी गंमत पुढे आहे. या लहानग्या बाळांचे स्नायू कमी भरले, पोटातले अवयव लहान भरले, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा जोडीनं फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वैद्यकाच्या इतिहासात स्वतःच्या पोटाचा इतका चांगला उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

ती खेड्यातली बाळं १८ वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची साखर पुन्हा तपासली गेली. मुलग्यांत ३७ टक्क्यांची आणि मुलींत १८ टक्क्यांची साखर सामान्य पातळीच्या वर होती. आणि तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी मुलं वजनानं कमी होती! मधुमेह झालेला मात्र एकच होता, बाकी सगळे मधल्या पट्ट्यात. देशभराचं चित्रही यापेक्षा फार वेगळं नाही: २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या दर दहांमागे एक जण याच पट्ट्यात सापडला होता.

आणि वर्धेकरांनी तरी बारीकपणाच्या भरवशावर राहू नये. इथून आठ किलोमीटरवर, सेवाग्रामला, देशातला सगळ्यात प्रसिद्ध बारीक माणूस राहत होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०१९ मध्ये गांधीजींच्या तब्येतीच्या जुन्या नोंदी छापल्या. १९३९ मध्ये वजन ४६.७ किलो. पुढच्याच वर्षी रक्तदाब २२० वर ११०. रोज मैलोन् मैल चालणारा, मोजून खाणारा माणूस. त्याचा रक्तदाबही नुसत्या अंगकाठीकडे पाहून कोणाला कळला नसता. साखरेचंही तसंच. अंगावरून अंदाज बांधू नये, मोजावं.

मोजण्याबद्दल विदर्भापुरती एक गोष्ट सांगायलाच हवी. एचबीएवनसी लाल रक्तपेशींवर चढलेली साखर मोजतं, आणि पेशी साधारण १२० दिवस जगते हे गृहीत धरतं. आपल्याकडे सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यात पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटाच कमी येऊ शकतो. उलट, लोहाच्या कमतरतेनं आकडा खोटाच जास्त येऊ शकतो, आणि आपल्या किती मुलींच्या अंगात रक्त कमी असतं हे इथल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. म्हणून एकाच आकड्यावर घाबरूही नका आणि निश्चिंतही होऊ नका. उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी काढलेली साखर, दोन्ही पाहून डॉक्टरांना ठरवू द्या.

आत्याचं वाक्य थोडक्यात आवरू. लपवलं की मुलगा शाळेत, मित्रांत, लग्नाच्या पंगतीत एकटाच कारणं सांगत बसतो. मुलगी असेल तर त्रास दुप्पट, कारण तिथं वजनाचे टोमणे आणि पुढच्या सोयरिकीची काळजी आधीच घरात येऊन बसलेली असते.

तर करायचं काय? बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट होते. मुलाचं गोड बंद. बाकी घर होतं तसंच चालू. सकाळी सहाच्या ट्यूशनला जाताना तो काही न खाता निघतो. सुटल्यावर चौकात तर्रीपोहे, वर शेव, सोबत कोल्ड्रिंक. शाळा, पुन्हा ट्यूशन, घरी येईस्तोवर आठ. नऊला भात, वरण, पोळी आणि आलूची भाजी. मग अंगणात चक्कर नाही, गच्चीवर नाही. मोबाइल, आणि झोप बारा-साडेबाराला. या दिवसात साखरेचे दोन चमचे काढून घेतल्यानं फार काही होत नाही. ताटच बघा ना: भात पीठ, पोळी पीठ, आलू पीठ. चारातले तीन जिन्नस एकाच जातीचे, आणि ज्याच्यात प्रथिनं आहेत ते वरण सगळ्यात पातळ.

त्या कोल्ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेला वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाकाठी २५ ग्रॅमच्या आत हवी आहे. म्हणजे सकाळी नऊच्या आत त्याचा दिवसाचा हिस्सा संपला. चहा, बिस्किटं, वाढदिवसाचा केक अजून यायचेच आहेत.

इथं वर्ध्याला एक जुनी शिदोरी आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत त्याचं ठाणं झालं आणि जे. सी. कुमारप्पा तिथं कामाला बसले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल यांवर त्यांचा जोर होता. त्यामागचा मुख्य हिशेब गावच्या रोजगाराचा होता, पण कोंड्यासकट धान्य पोटात जावं हाही होताच. आज तीच गोष्ट आहारतज्ज्ञ 'फायबर' म्हणून सांगतात आणि आपण फी देऊन ऐकतो. मात्र एका बाबतीत मगनवाडीचं ऐकून चालणार नाही. तिथं साखरेपेक्षा गुळाला मान होता. रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. "आम्ही गुळाचाच चहा देतो" म्हणून समाधान मानणाऱ्या आया-आज्यांनी हे मनावर घ्यावं.

आपल्या स्वयंपाकघरात नवीन काही आणायची गरज नाही. या दिवसांत बाजारात तुरीच्या शेंगा आहेत, सोल्यांची आमटी होते. पोपटाच्या शेंगा आहेत. अंबाडी आहे, मेथी आहे, जवसाची चटणी आहे. चून-भाकर तर आहेच. चून म्हणजे बेसन, बेसन म्हणजे डाळ. पण भाकर आहे म्हणून तीन खाऊ नका. ज्वारीत कोंडा जास्त, तरी तिचंही शेवटी पीठच होतं. भात निम्मा, वरण दुप्पट आणि घट्ट, अर्ध्या ताटात भाजी आणि कच्चं काहीतरी, सकाळी घरून निघण्याआधी मोड आलेली मटकी किंवा एक अंडं. एवढं जमलं तरी पुष्कळ. आणि हे सगळ्यांच्या ताटात पडायला हवं. बापाच्या ताटात जिलेबी आणि पोराच्या ताटात काकडी, हे आठवड्याच्या वर टिकत नाही. पोरगं चौकात जाऊन हिशेब चुकता करतं. वर्ध्याचा गोड गोरसपाक घरात आला तर सगळ्यांनी एकेक खावा आणि डबा शेजारी पाठवून द्यावा.

हालचालीचं गणित थोडं वेगळं आहे. स्नायू कामाला लागला की इन्सुलिनची फार वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चालण्यानं म्हणूनच फरक पडतो. मुलांना रोज तासभर धापा टाकायला लावणारी हालचाल हवी, आठवड्यातून तीनदा ताकदीचं काम हवं. जोर, बैठका, कबड्डी, सायकल, काहीही. ज्यांना जन्मतःच स्नायू कमी मिळाले त्यांनी ते कमावायला हवेत. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. पण सुट्टी नाही. आणि झोप आठ तास. ट्यूशनची एखादी बॅच त्यासाठी सोडावी लागली तर सोडावी, हे ऐकायला दहावीच्या पालकांना जड जाईल, पण बोलायलाच हवं.

याचा उपयोग होतो का? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधल्या पट्ट्यातल्या ५३१ प्रौढांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांना खास सल्ला दिला नाही त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. खाणं आणि चालणं बदललेल्यांत ३९ टक्के. दोन गोष्टी नीट ऐका. बदल करूनही ३९ टक्के लोकांना झाला, म्हणजे ही जादू नाही. आणि बदल करणाऱ्यांचं वजन फारसं घटलंच नव्हतं, तरीही फायदा झाला. म्हणून मुलाला रोज काट्यावर उभं करू नका. हा अभ्यास मोठ्या माणसांचा आहे हे खरं. मुलांच्या बाबतीत उशीर किती महाग पडतो ते अमेरिकेतल्या 'टुडे' अभ्यासात दिसलं. टाइप-२ मधुमेह झालेली १० ते १७ वर्षांची ६९९ मुलं त्यात होती. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांची साखर काही वर्षांत हाताबाहेर गेली. गोळी आहे ना, मग बघू, असं म्हणण्यात अर्थ नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या डाएटबद्दलही दोन शब्द. नागपूरच्या श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर नेली, अनेक मोठ्या माणसांना तिचा उपयोग झाला. पण वाढत्या अंगाच्या मुलाला बापाचं डाएट लावू नका. त्याची उंची अजून वाढायची आहे, हाडं भरायची आहेत. त्याला उपाशी ठेवायचं नाही, फक्त ताट बदलायचं आहे.

शाळांचं काय? शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. सीबीएसईनं २०२५ च्या मेमध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. शाळा राज्य मंडळाची असली तरी असा फलक लावायला कोणी हरकत घेणार नाही. एक कार्डबोर्ड आणि एक मार्कर पुरतो. आणि पन्नास मीटर किती होतात हे एकदा फाटकापासून पावलं टाकून मोजून पाहा.

त्या मुलाची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. घरात भात अर्धा झाला आहे, आजीची कुरबुर चालू आहे, बाप जेवणानंतर त्याच्यासोबत फाट्यापर्यंत जाऊन येतो. जमत असेल तर तुम्हीही आज घरी पायी जा. आणि घरातल्या कोणाच्या मानेवर, काखेत तशी काळी पट्टी दिसली तर लिंबू चोळू नका. सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या.