मध्यरात्रीचा उजेड



परवा वर्ग सुटताना एका आजीबाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, अक्षरं तर आली. पण या वयात मी आता लिहू काय? मला असं काय ठाऊक आहे?" तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही. आज सांगतो. त्यासाठी एक खरी गोष्ट ऐका.

साल १९०८. तारीख ३० जून. इंग्लंड देशात त्या रात्री नीट अंधार पडलाच नाही. सूर्य मावळला, पण उजेड काही जाईना. उत्तरेकडचे आभाळ उजळलेलेच राहिले. अकरा वाजले, बारा वाजले, तरी तसेच. समुद्रकाठच्या एका गावातील गृहस्थांना रात्री सव्वा वाजता जाग आली. तेवढ्या उजेडात त्यांना आपल्या खोलीत पुस्तक वाचता आले! उत्तर युरोपात ठिकठिकाणी असेच घडले. पुढच्या काही रात्रींत हा उजेड कमी होत गेला.

लोक बुचकळ्यात पडले. कुणी म्हणाले, लांब कुठे मोठी आग लागली असेल. खरे कारण कुणालाच ठाऊक नव्हते. पण काही जणांनी एक शहाणपणाचे काम केले. काय दिसले, कुठे दिसले, किती वाजता दिसले, ते लिहून वर्तमानपत्राकडे पाठवले.

आता तिथून साडेपाच हजार किलोमीटरहून अधिक दूर, रशियातील सैबेरियात जाऊ. त्याच ३० जूनची सकाळ. म्हणजे इंग्लंडात तो उजेड दिसण्याच्या आधी. सात वाजून गेले होते. वानावारा नावाच्या वस्तीत सेम्योनोव हा शेतकरी घराच्या ओट्यावर बसला होता. एकाएकी आभाळ दुभंगल्यासारखे झाले. उत्तरेला आगच आग दिसली. अंगातला सदरा पेटला की काय, अशी धग लागली. मग मोठा आवाज झाला, आणि तो बिचारा काही हात लांब फेकला जाऊन बेशुद्ध पडला. बायकोने त्याला घरात नेले. आणि ती आग जवळ नव्हती बरं का! ती सुमारे ६५ किलोमीटर दूर होती.

तिथे दाट जंगल होते. शहाणी माणसे तिकडे लवकर फिरकली नाहीत. पुढे १९२१ साली लिओनिद कुलिक या शास्त्रज्ञाच्या हाती जुन्या कॅलेंडरचे एक पान आले. त्यावर १९०८ साली आकाशातून दगड पडल्याची हकिकत छापली होती. तपास केला, तेव्हा त्यातला बराच भाग खोटा निघाला. म्हणून छापलेले सगळेच खरे धरू नये. पण कुलिकने ते पान फेकूनही दिले नाही. तो गावोगावच्या लोकांना विचारत राहिला. शेतकऱ्यांनी, रेनडिअर पाळणाऱ्या एवेन्की लोकांनी पाहिलेले सांगितले. १९२७ साली तो त्या जागी पोचला.

पाहतो तर काय! सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवे झालेले. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा होते, तिच्या तिपटीहून अधिक. झाडे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी पडली होती. मुळे मध्याकडे, शेंडे बाहेर. मधोमध मात्र झाडे उभीच होती, पण त्यांच्या फांद्या झडलेल्या. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आकाशातून आलेल्या दगडाने केवढा खड्डा केला आहे! तसा खड्डा तिथे नव्हता. कारण अवकाशातून आलेला तो गोळा जमिनीला टेकलाच नाही. वरच हवेत, काही किलोमीटर उंचीवर, तो फुटला.

मग इंग्लंडातल्या उजेडाचे काय? १९३० साली व्हिपल या इंग्रज शास्त्रज्ञाने जुने कागद काढले. हवेचा दाब टिपणाऱ्या यंत्रांच्या कागदांवर त्या ३० जूनच्या पहाटे रेषा हललेली होती. सैबेरियातला धक्का हवेतून इंग्लंडापर्यंत पोचला होता! त्याने तो धक्का आणि त्या उजळ रात्री यांची सांगड घातली.

उजेडाचे कारण असे. सांजेला आपल्या गावात सावली पडते, तरी डोंगराच्या माथ्यावर ऊन असते. का? तर माथा उंच आहे. त्या गोळ्याची बारीक धूळ आणि वाफ आकाशात फार उंच गेली आणि वाऱ्याबरोबर पसरली. जून अखेरीला त्या उत्तरेकडच्या देशांत सूर्य रात्रीही क्षितिजाखाली फार खोल जात नाही. त्यामुळे जमिनीवर रात्र असली, तरी त्या उंच धुळीवर ऊन पडत होते. तेच ऊन खाली उजेड पाडत होते.

मंडळी, हे कोडे कशाने सुटले? शास्त्रज्ञ हुशार होते, हे खरेच. पण ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्याने पाहिलेले सांगितले नसते, कुणी रात्रीची वेळ लिहून ठेवली नसती, तर हुशारी कशावर चालवणार?

म्हणून आजीबाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे. आभाळात काही नवल दिसले, विहिरीचे पाणी एकाएकी खाली गेले, पिकावर नवी कीड आली, तर घाबरू नका आणि उगाच पुढचे तर्कही बांधू नका. वही काढा. तारीख घाला, वेळ घाला, डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. कारण आज कळणार नाही कदाचित. पण तुमच्या त्या दोन ओळी उद्या कुणाला तरी लागतील.