पेंगणारा विद्यार्थी



शिक्षकाच्या हातून घडलेल्या चुकांची नोंद हजेरीपटात होत नाही. ती त्याची त्यानेच ठेवावी लागते. माझ्याजवळच्या नोंदींपैकी एक आज आपणापुढे मांडतो.

बीड जिल्ह्यातील एका गावी मी दुसरीच्या वर्गास शिकवीत असता तेथे एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीस जाई, आणि चैत्राच्या सुमारास परते. आला की दुसऱ्या तासालाच पेंगू लागे. तोंड सदा उघडे, नाक वाहते, एका कानातून वरचेवर पू येई. आळशी समजून मी त्यास उभे केले. एकदा नव्हे, अनेकदा. ‘रात्री झोपत नाहीस काय?’ असे विचारले तर ‘झोपतो की, गुरुजी’ म्हणे; आणि ते खोटेही नव्हते.

पुढे शाळेत आरोग्य-तपासणी झाली. डॉक्टरांनी त्यास तोंड मिटून श्वास घेण्यास सांगितले. पोराला तो घेता येईना. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या अंगास, लहानपणी एक मांसल गाठ असते. तिला अडिनॉइड म्हणतात. ती सुजून वाढली की नाकाची वाट बुजते आणि शेजारीच उघडणारी कानाची नळी तुंबते. कान वाहण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. निजल्यावर श्वास अडखळतो, मूल घोरते, रात्रीतून अनेकदा अर्धवट जागे होते, आणि सकाळी त्यास त्याची आठवणही नसते. घोरणाऱ्या मुलास ‘किती गाढ झोपलंय!’ म्हणून कौतुकाने पाहणारी घरे शहरांतही थोडी नाहीत.

गाठ सुजण्याची कारणे अनेक; वारंवारचे पडसे हे मुख्य. परंतु हा मुलगा पाच-सहा महिने कोठे निजत असे, हे मी कधी विचारलेच नव्हते. उसाच्या फडाजवळची ती कोपी, तिच्यात चूल, चुलीत पाचट नि काटक्या, आणि धूर जाण्यास वाट नाही. रात्री-अपरात्री गाडी भरण्यास हाक आली की आईबाप उठत, त्यांजबरोबर मूलही उठे. शहरात धूर चुलीचा नसेल. वडिलांच्या सिगारेटीचा अथवा बंद खोलीतल्या डासांच्या उदबत्तीचा असतो.

दुखणे एकीकडे, मूळ दुसरीकडे, हा अनुभव मलाही आला. एका गालात दडपण, एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव. सर्दी म्हणून मी दोन वर्षे वाफ घेतली. निघाली ती वरची किडकी दाढ! गालाच्या हाडातील पोकळीचा तळ त्या दाढांच्या मुळांस अगदी लागून असतो.

माझी दाढ गेली. हानी मोठी नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची हानी निराळी. 2019 साली बीड जिल्ह्यात आरोग्य खात्याने 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, या तक्रारी घेऊन पुष्कळजणी दवाखान्यात गेल्या होत्या. अशा दुखण्यांत जंतुसंसर्ग असेल तर तो बहुधा औषधाने बरा होतो. परंतु फडावर ना पाण्याची सोय, ना शौचकूप. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर. आणि खाडा पडला की मुकादमाच्या वहीत दंड. गर्भाशय काढल्याने यांतील एकही गोष्ट बदलत नाही. या प्रकरणी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती. पिशवी काढण्यापूर्वी ‘बाई, तुम्ही राहता कोठे, पाणी कोठले वापरता?’ असे किती जणींना विचारले गेले असेल, हा प्रश्न मला छळतो. कारण मीही तो विचारला नव्हता.

त्या मुलाची गाठ पुढे काढण्यात आली. नंतर तो वर्गात पेंगला नाही. मात्र फळ्यावर लिहून मी मागे वळलो की तो आपण होऊन उभा राही, आणि त्यास बसण्यास सांगावे लागे.