सोनाकाची वाइन का करत नाहीत?

द्राक्षांचा भाव पडला की आपल्याकडे एक सल्ला हमखास ऐकू येतो, "मग वाइन करा की!" मलाही आधी हे पटायचं. आज आपल्या सोलापूरच्या सोनाकावर हा सल्ला तपासून बघू.

सोनाका म्हणजे लांबट, पांढरी, बिनबियांची द्राक्षं. माळढोकसाठी प्रसिद्ध असलेल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी हे वाण थॉम्पसन सीडलेसमधून निवडलं. होतं असं, की वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो आणि त्या फांदीला वेगळेच मणी लागतात. कुणी ते हेरलं, काडी घेऊन वाढवली, तर नवीन वाण. नाहीतर फांदी छाटणीत गेली! माणिक चमनही थॉम्पसनमधूनच निघालेलं, आणि तेही सोलापूरचंच.

आता वाइन. तिच्यासाठी बारीक मण्यांची, जाड सालीची द्राक्षं लागतात, कारण वास आणि चव बरीचशी सालीत असते. सोनाका आपण नेमकी उलटी वाढवतो. मणी मोठा, साल पातळ, गर कुरकुरीत. खायला झकास, पण तिची वाइन फिकी आणि बिनवासाची होणार. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियात थॉम्पसनची वाइन झाली, पण ती स्वस्तातली, मिसळायच्या कामाची.

म्हणूनच बघा, आपल्याच जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीची वाइनरी आहे. इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे भाऊ-भाऊ एकत्र आले, म्हणून नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ'. पण पांढऱ्या वाइनसाठी तिथे शार्दोने, सोव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ लावली. सोनाका नाही.

म्हणजे वाइन करायची का, हे बाग लावतानाच ठरतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे डिझाइनचं काम आहे, रिलीजच्या दिवशी बदलता येत नाही.

मग भाव पडला तर? सोनाकाचा दुसरा रस्ता म्हणजे बेदाणा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो. अवकाळी पाऊस आला तर शेडमधला मालही काळा पडतो, हे खरं. पण नीट वाळवून शीतगृहात ठेवला, तर आजच्या आज पडेल भावात विकायची सक्ती तरी राहत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "वाइन करा की" म्हणालं, तर एवढंच विचारा, "कुठल्या द्राक्षाची?"

भेटू पुढच्या भागात!