जुना कॅमेरा किती वर्षं चालेल?

आपल्या फोटोग्राफीच्या वर्गातल्या एका मुलीने मागच्या आठवड्यात विचारलं, "दादा, पंधरा हजारांत जुना डीएसएलआर मिळतोय. किती वर्षं टिकेल?" पैसे उसने घेतलेत. लग्नांची कामं करून ते दहा महिन्यांत फेडायचेत. तेव्हा अंदाजपंचे उत्तर देऊन चालणार नव्हतं.

साध्या डीएसएलआरचं शटर ढोबळमानाने 50 हजार ते 1 लाख क्लिक चालेल असं धरतात. ही एक्स्पायरी डेट नव्हे. कुणाचं आधी जातं, कुणाचं दुप्पट चालतं. घरगुती वापरात महिन्याला 500 फोटो काढले तर 50 हजार व्हायला आठ वर्षं लागतात. पण लालबाग-परळमध्ये गणपतीच्या आगमनापासून विसर्जनापर्यंत फिरणारी आपली पोरं एका रात्रीत हजार-दीड हजार फोटो सहज काढतात. लग्नातही तेच. 1,200 प्रमाणे वर्षाच्या 40 रात्री धरा, 48 हजार झाले! म्हणजे तोच कॅमेरा वर्ष-दोन वर्षांचा सोबती.

म्हणून कॅमेरा किती वर्षांचा हे नंतर विचारा, आधी किती क्लिक झालेत ते विचारा. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोच्या मूळ फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो तिथे सापडत नाही. फाइलच्या नावातल्या नंबरवर मात्र भरवसा नको. 9999 नंतर तो परत 0001 होतो.

बॅटरीची चिंता त्या मानाने कमी. कॅननच्या 2011 च्या 1100डी मधली एलपी-ई10 बॅटरी 2018 च्या 1500डी मध्येही चालते.

आता माझी फजिती. पहिल्या पगारातून घेतलेल्या माझ्या कॅमेऱ्याने 20 हजार क्लिकही पाहिले नाहीत. दोन पावसाळे तो चामडी पिशवीत, कपाटात पडून होता. नंतर गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला नेला, तर सगळे फोटो धुरकट. फोर्टच्या बोरा बाजारातल्या कारागिराने लेन्स उघडून दाखवली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! पुसली, पण काचेवरच्या कोटिंगचे डाग गेले नाहीत. आपल्या हवेत न वापरलेला कॅमेरा असाही जातो. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, एवढ्याने काम भागलं असतं. इंजिनिअर असून मला ते सुचलं नाही. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी आत जाते.

त्या मुलीने विक्रेत्याकडून ताज्या फोटोची मूळ फाइल मागवली. आकडा निघाला 31 हजार. दहा महिने निघावेत. रविवारी आम्ही टॉर्च घेऊन दादरला लेन्स तपासायला जातोय.