रिकाम्या वर्गातले पंखे
विद्यापीठात तास संपतो, मुले पांगतात. पंखे मात्र फिरतच राहतात. बिल कुणाच्या घरी येत नाही ना! पण हिशेब करून पाहा. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा. असे १० पंखे ४ तास रिकामे फिरले की ३ युनिटे गेली. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास पुरतात. ते जरूर बसवावेत. पण माणूसच नसेल तिथे काटकसरी पंखाही उधळपट्टीच करतो. विजेवर गेलेला पैसा पुस्तकांना, प्रयोगशाळेला मिळत नाही. तेव्हा शेवटी बाहेर पडणाऱ्याने, मग तो प्राध्यापक असो की शिपाई, बटणाकडे हात न्यावा. त्यात कमीपणा कसला?